बंब पेटायच्या आत

"सायली, ती बघ! चोचीत अळी घेऊन गेली आणि रिकामी चोच घेऊन आली!" गच्चीवर रुद्र ओरडला.

सायलीने मान वर केली. न्हाणीघराच्या धुराड्यातून एक साळुंकी भुर्रकन उडाली. पिवळीधमक चोच, पिवळे पाय. जणू घरातली हळद आधी तिलाच लागली होती!

दोघं भावंडं धडाधड जिना उतरून न्हाणीघरात शिरली. गार पडलेल्या बंबावर, भिंतीतल्या धुराड्याशी सायलीने कान लावला. चिर्र! चिर्र!

"पिल्लं!" तिच्या अंगावर काटा आला. उन्हाळाभर बंब पेटला नव्हता, म्हणून साळुंकीने इथे संसार मांडला होता. पण आज ज्योत्स्नामावशीची हळद! हळदीनंतर नवरीच्या न्हाणाला ऊन पाणी हवंच.

"मामा, बंब नको पेटवूस! धुराड्यात पिल्लं आहेत!"

दिनेशमामा मांडवाच्या दोऱ्या ओढत होता. "पिल्लं कसली? नळाचा वायसर गेलाय, तोच कुरकुरतो. जा, लाकडं आणा! उन्हं कलली की पेटवतो."

"हा ऐकायचा नाही," रुद्र हिरमुसला.

पुन्हा गच्चीवर येताच सायलीचे तळपाय चटकन भाजले. तिचे डोळे चमकले. "रुद्र, हंडे आण!"

सिन्नरचं वैशाखातलं ऊन! घरातले हंडे, घागरी, पातेली एकेक करून वर चढली.

"सांडू नकोस, धांदरटा!"

"मग जड हंडा तू घे, महाराणी!"

नवरीला हळद लागेपर्यंत पाण्यातून वाफ यायचीच काय ती बाकी राहिली. दोघांनी ते गुपचूप न्हाणीघरात उतरवलं.

थोड्या वेळाने मामा काड्यापेटी घेऊन आला. "सरका, बंब पेटवू द्या!"

"आता रे कशाला?" पदराला हात पुसत त्याची आत्या, अक्काबाई म्हणाली. "न्हाण झालं की नवरीचं! लय झ्याक तापलं होतं पाणी."

"पण मी तर बंब पेटवलाच नाही!"

रुद्र फिस्सकन हसला. "आम्ही गच्चीवर उन्हात तापवलं!" सायलीने मामाला धुराड्याखाली उभं केलं. नळ बंद होता. तरी वरून आलं, चिर्र! चिर्र!

मामाचा चेहरा उतरला. काड्यापेटी खिशात गेली. "चुकलो गं पोरी. केवढा अनर्थ झाला असता!"

अक्काबाईने दोघांना पोटाशी धरलं. "गुणाची माझी लेकरं! आणि दिन्या, पिल्लं उडायच्या आत बंबाला हात लावलास, तर तुला हळद लागायची नाय, सांगून ठेवते!"

बाहेर मांडवभर हसू फुटलं. बिनलग्नाचा मामा कानापर्यंत लाल झाला, आणि अक्काबाईने तिथेच ओवी धरली:

"धुराड्यात बाई, पाळणा साळुंकीचा,
उन्हानं तापविला हंडा माझ्या नवरीचा!"