बुधवार सोडून

जेवणाच्या टेबलाभोवती सहा माणसे बसली होती आणि कोणीही बोलत नव्हते.

ही शांतता आजची नव्हती. ओल भिंतीत शिरावी तशी ती तीन आठवडे या घरात मुरत आली होती. अडीच वाजताचे ऊन खिडकीतून आत येऊन टेबलाच्या मधोमध थबकले होते. पुढे सरकायला त्यालाही कोणाची परवानगी हवी असावी.

स्वयंपाकघरात ओट्यावरून एक झाकण घसरले आणि फरशीवर गरगरत राहिले. सून दचकली. नणंदेच्या हातातले पेन निसटले. मागच्या खोलीतल्या भाडेकरू, चित्रकलेच्या बाई, यांनी छातीवर हात ठेवला. सासऱ्यांनी मात्र शब्दकोड्यावरची नजर उचलली नाही.

"बाबा रागावलेत," नणंद पुटपुटली. "हल्ली मागून हाक मारली तर वळूनही बघत नाहीत."

पाचव्या खुर्चीवर तपासनीस बाई होत्या. खासगी तपासाच्या धंद्यात त्यांनी बावीस वर्षे काढली होती, आणि आवाज चढवण्याची वेळ त्यांच्यावर फारशी आली नव्हती. सहाव्या खुर्चीवर त्यांच्या बहिणीचे यजमान, म्हणजे भावोजी. निवृत्त कंपाउंडर. दिवसभर घरात पायात पायात येतात म्हणून बहिणीने त्यांना तपासनीस बाईंच्या हवाली केले होते, आणि तेव्हापासून ते स्वतःला मदतनीस म्हणवून घेत.

सुनेने त्यांना बोलावले होते, ते सगळ्यांच्या समोर. तिचा नवरा बोटीवर कामाला, घरी यायला अजून महिना होता. ती दुभाषी होती. ज्यांना ऐकू येत नाही अशा माणसांचे बोलणे ती पडद्यावरून, हातांच्या खुणांच्या भाषेतून, डॉक्टरांपर्यंत पोहोचवत असे आणि डॉक्टरांचे त्यांच्यापर्यंत. नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर मिळाली होती. पहिले दोन महिने सुरळीत गेले. मग रोज दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान नेट जाऊ लागले. एकदा एक बाई आपल्या बाळाचा ताप सांगत होती, आणि तिचे दोन्ही हात हवेत वर उचललेले असतानाच पडद्यावर गोठले.

आज चार वाजता शेवटची चाचणी होती. आजही लाइन तुटली तर काम दुसऱ्या कोणाला जाणार होते.

"गेलं तर मी उद्या वेगळी खोली घेऊन राहणार," सून म्हणाली. "पण त्याआधी मला कळू दे, माझ्याच माणसांतलं कोण हे करतंय."

नणंदेने मान फिरवली.

तपासनीस बाईंनी प्रत्येकाला वेगवेगळे गाठायचे ठरवले.

आधी सून. तिच्या कामाच्या खोलीत एक दिवा, एक मोकळी भिंत आणि लॅपटॉप. हात स्पष्ट दिसावेत म्हणून बाकी सगळे तिने हलवले होते. दोनला ती लॅपटॉप मिटून जेवायला जाई आणि तीनला तो पुन्हा उघडत असे. रेंज पूर्ण दिसे, नेट मात्र नसे. पुन्हा पुन्हा जोडत राहिले की कधी चौथ्या वेळी जमून जाई, कधी पाचपर्यंत नाहीच. नेटच्या कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितले म्हणून तिने लॅपटॉपला मिळालेला नंबर वहीत टिपायला सुरुवात केली होती. नेट असताना नंबरच्या मधोमध एक असे, नसताना शून्य. कंपनीचा माणूस तेवढे ऐकून तक्रार बंद करून मोकळा झाला होता.

"एकही दिवस चुकत नाही?"

"बुधवार सोडून," सून म्हणाली. "बुधवारी कधीच गेलं नाही."

बुधवारी घरात कोण नसते, हा पुढचा प्रश्न सरळ होता आणि उत्तर वाकडे. नणंद त्या दिवशी रात्रीपर्यंत कामावर असे. सासरे दुपारभर वाचनालयात. चित्रकलेच्या बाईंची त्या दिवशी सुट्टी.

"म्हणजे तिघंही संशयित," भावोजी समाधानाने म्हणाले.

नणंद गच्चीत भेटली. ती जाहिरातींच्या चित्रफिती जोडण्याचे काम करी आणि एरवी साडेतीनला घरी परते; आज मुद्दाम घरी थांबली होती. आपण वहिनीचे नेट ओढतो, हा आरोप तिच्या जिव्हारी लागला होता. उलट, घरात पाऊल टाकले की तिचाच फोन नेटविना बसे. वहिनीने आपल्याला बाहेर ठेवण्यासाठी काहीतरी केले, असे तिने पक्के धरून ठेवले होते. दोन महिन्यांपूर्वी नवा राउटर आणला तोही वहिनीनेच.

"आणि जुना?"

"दादाच्या खोलीत कपाटावर खोका आहे. तेव्हापासून कुणी हात लावला नसेल."

भावोजींनी स्टुलावर चढून दोन बोटांनी तो खोका खाली घेतला. फार जपून ठेवलाय, असे म्हणत त्यावरची धूळ फुंकली आणि तसाच वर ठेवून दिला. तपासनीस बाई त्यांच्या त्या दोन बोटांकडे पाहत राहिल्या.

चित्रकलेच्या बाईंकडे सगळेच उलट होते. त्याही याच घराचे नेट वापरत, रोज तीन ते पाच मुलांना पडद्यावरून शिकवत, आणि त्यांची लाइन एकदाही तुटली नव्हती. आजचा वर्ग त्यांनी या बोलावण्यापायी पुढे ढकलला होता. भावोजींनी मेहुणीला कोपराने ढोसले.

"तुमचं एकटीचंच बरं चालतं," ते बाईंना म्हणाले.

"माझा संगणक म्हातारा आहे हो. बंद केला की पुन्हा चालू व्हायला रुसतो. म्हणून मी तो बंदच करत नाही. रात्रंदिवस जागा असतो बिचारा."

जिन्याशेजारून परतताना भावोजींनी आपला निष्कर्ष सांगून टाकला. भाडेकरूच. जिचे बिघडत नाही तीच बिघडवते.

तपासनीस बाई मात्र जिन्याच्या कठड्याशी थांबल्या होत्या. भिंतीच्या कडेने जुन्या टेलिफोनची तार वर गेली होती आणि तिला लगटून आणखी एक करडी तार. दर वितीवर दोन्ही तारा मेण लावलेल्या दोऱ्याने एकत्र बांधलेल्या. सगळ्या गाठी एकाच बाजूला, एकाच मापाच्या. तार जुनी, दोरा पांढराशुभ्र.

"काय सुबक काम," भावोजी म्हणाले. "हल्ली कोण करतं असं."

"कोण करतं, भावोजी?"

त्यांना वाटले, बाई सहज बोलल्या.

सासरे अजून टेबलाशीच होते, शब्दकोडे आणि आपला टॅब समोर ठेवून. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षे लाइनमन म्हणून काढलेला माणूस. बोटे जाड, पण टोकाशी नाजूक झालेली. भावोजींनी पाठीमागून येत वाचनालयाबद्दल विचारले. उत्तर नाही. पुन्हा विचारले. नाहीच. भावोजी दुखावले आणि पुढे जाऊन बसले.

तपासनीस बाई त्यांच्या शेजारी, चेहरा त्यांना दिसेल अशा बसल्या. लगेच उत्तरे येऊ लागली, थोडी थांबून, पण नीट. राउटरमधले आपल्याला काही कळत नाही, असे त्यांनी सांगितले. बोलताना ते बाईंच्या डोळ्यांकडे नव्हे, जरा खाली पाहत होते.

"आमच्या वेळी यंत्राला नंबर आम्ही हातानं लावून द्यायचो," ते म्हणाले. "एक यंत्र, एक नंबर, वहीत नोंद. आपोआप काही व्हायचं नाही. म्हणून चुकायचंही नाही."

टेबलाखाली, गुडघ्यावर, त्यांच्या उजव्या हाताची बोटे एकेक करून उघडत होती, मिटत होती, अंगठ्याला टेकत होती.

बाहेर आल्यावर भावोजी हळूच म्हणाले, "कंपवाताची सुरुवात. कंपाउंडरच्या नजरेला कळतं."

"कंप दर वेळी त्याच क्रमानं येतो का हो, भावोजी?"

भावोजी विचारात पडले. घड्याळात सव्वातीन झाले होते. तपासनीस बाईंनी सगळ्यांना पुन्हा टेबलाशी बोलावले.

"तीन आठवडे तुम्ही चोर शोधताय," त्या म्हणाल्या. त्या सासऱ्यांच्या अगदी समोर उभ्या होत्या आणि प्रत्येक शब्द सुटा उच्चारत होत्या. "पण या घरातून काही गेलेलंच नाही. एक गोष्ट वाढली आहे."

मग त्यांनी सावकाश उलगडा केला. राउटर दोन कामे करतो. बाहेरचे नेट आत आणतो, आणि घरात नव्याने येणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो. नंबर बरोबर असेल तर यंत्राला बाहेरची वाट सापडते. चुकीचा असेल तर रेंज पूर्ण दिसते आणि यंत्र जागच्या जागी भिंतीकडे तोंड करून बसते. सुनेच्या वहीत दोन घराण्यांचे नंबर होते: मधोमध एक असलेले आणि मधोमध शून्य असलेले. एकच वाटणारा असता, तर एकाच घराण्याचे असते.

"म्हणजे वाटणारे दोन," नणंद हळू म्हणाली.

"दोन. आणि ज्याचं उत्तर आधी पोहोचेल त्याचा नंबर लागतो. म्हणून कधी चौथ्या वेळी जमतं. चित्रकलेच्या बाईंचा संगणक झोपतच नाही, त्याला नवा नंबर मागावा लागत नाही. वहिनीचा लॅपटॉप जेवणानंतर उघडतो, तुमचा फोन बाहेरून येतो. जे घर सोडून परत येतात त्यांनाच पुन्हा दार ठोठावावं लागतं. तुम्ही दोघींनी एकमेकींवर घेतलेला आळ एकाच दुखण्याचा होता."

दोघींनी प्रथमच एकमेकींकडे पाहिले.

दुसरा वाटणारा म्हणजे जुना राउटर. कपाटावरचा खोका भावोजींनी दोन बोटांनी उचलला होता. तो रिकामा होता. यंत्र कुठे आहे ते नव्या राउटरपासून जिन्यावरून वर गेलेली करडी तार सांगत होती: माळ्यावरच्या अडगळीच्या खोलीत, जिथे खालची रेंज पोहोचत नाही. आणि ती तार कोणी ओढली ते दोरा सांगत होता. दर वितीला मेणाच्या दोऱ्याची गाठ मारायला या घरात एकाच हाताला शिकवले गेले होते. तोच हात रोज तीनला राउटर चालू करी आणि काम झाले की पाचला बंद करी. बुधवारी तो हात वाचनालयात असे.

सगळ्यांच्या नजरा सासऱ्यांकडे वळल्या.

"पण मग बाबांचं वर कसं चालायचं?" नणंदेने विचारले. "त्यांनाही चुकीचा नंबर मिळायला हवा."

"त्यांनी कुणाकडे मागितलाच नाही. लाइनमनच्या रीतीनं आपल्या टॅबला हातानं नंबर लावून दिला. बरोबर घराण्यातला. त्यांचं एकदाही अडलं नाही, म्हणून आपला हा डबा, म्हणजे जुना राउटर, खाली सगळ्यांना आपोआप नंबर वाटतोय, हे त्यांना कळलं नाही. त्यांच्या हिशेबी आपोआप काही होतच नाही."

सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडला होता. सगळे नाही, पण पुरेसे त्यांना समजले होते.

"एवढं लपून काय बघत होतात, बाबा?" सुनेच्या आवाजात तीन आठवडे साचले होते.

"ते सांगायचा हक्क माझा नाही," तपासनीस बाई म्हणाल्या. "तुम्ही इकडे या. माझ्या जागी उभ्या राहा. काकांच्या उजव्या हाताकडे बघा."

सून आली. हात गुडघ्यावरच होता आणि भीतीने की सवयीने, बोटे चालू होती. उघडत, मिटत, अंगठ्याला टेकत. तिने ती बोटे क्षणभर वाचली, आणि तिचे ओठ त्यांच्याबरोबर हलू लागले. क. ख. ग. पहिल्या धड्याची अक्षरे. घ जरा चुकत होता.

कोणी काही विचारायच्या आत सासरे बोलू लागले. सहा महिने झाले होते. आधी उजवा कान गेला, मग डावाही मागे मागे सरकू लागला. डॉक्टरांनी यंत्र सुचवले, तेही फार दिवस पुरणार नाही असे सांगितले. मुलगा समुद्रावर, मुलगी कामात. कोणाला सांगायचे. मग एकदा दाराच्या फटीतून त्यांनी सुनेचे हात पाहिले.

"इतक्या परक्यांशी बोलतेस तू," ते म्हणाले. "वाटलं, टॅबवर धडे बघून गुपचूप शिकून घेऊ. कुणाला ओझं नको. चौतीस वर्षं लोकांच्या लाइनी जोडल्या, आणि घरात तुझीच तोडत बसलो."

नणंद उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

साडेतीनला सगळे माळ्यावर होते. भावोजींचे मत डबा टाकून देण्याचे पडले. तपासनीस बाईंनी ते ऐकले न ऐकल्यासारखे केले. डबा काम चांगले करत होता. त्याच्याकडे फक्त अधिकार एक जास्त होता. त्यांनी टॅबवरून त्याच्या आत शिरून नंबर वाटण्याचे काम बंद केले, त्याला स्वतःला नव्या राउटरच्या घराण्यातला एक रिकामा नंबर दिला, तार होती तशीच ठेवली आणि तो नंबर सासऱ्यांकडून दोनदा वाचून घेतला. आता माळ्यावर आणि गच्चीत दोन्हीकडे रेंज होती. नणंदेच्या चित्रफितींना गच्चीतली मोकळी जागा मिळाली. सुनेने लॅपटॉप पाच वेळा मिटला आणि उघडला. पाचही वेळा मधोमध एक.

चार वाजता तिने दार लावून घेतले.

बाहेर कोणी बोलत नव्हते. ही शांतता वेगळी होती. तिच्यात माणसे एकमेकांकडे पाहत होती. भावोजींनी मेहुणीला विचारले, बोटांवरून नेमके कधी कळले. बाईंनी सांगितले, झाकण पडले तेव्हाच निम्मे कळले होते.

पावणेपाचला दार उघडले. लाइन एकदाही तुटली नव्हती. सोमवारपासून काम कायमचे होते. नणंदेने वहिनीच्या गळ्यात हात टाकले आणि तुझा दिवा फार डोळ्यांवर येतो, असे काहीतरी म्हणाली. सून हसली.

मग ती सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली. तिने हात वर केले आणि अगदी हळू, एकेक खूण वेगळी धरत, विचारले. तोंडानेही विचारले, म्हणजे बाकीच्यांनाही कळले.

"माझ्याकडे शिकाल, बाबा? माळ्यावर एकट्यानं नाही. इथे, माझ्यासमोर. आत्तापासून?"

सासरे तिच्या हातांकडे पाहत राहिले. हात खाली आल्यावरही, ते जिथे होते त्या जागेकडे. मग उठले, बसायची खुर्ची उचलली आणि ती घेऊन तिच्या खोलीच्या दिशेने चालू लागले.