टोकनवाला

कंदिलाची वात खाली करत काकांनी पोरांना सांगायला घेतलं.

हा सुतार माझ्या चांगल्या ओळखीचा. खोटं बोलणं त्याला जमत नाही, म्हणून तर धंदा बसलाय. परवाच्या शनिवारी, दिवेलागण झाल्यावर, तो टेम्पो घेऊन बंद स्टेशनवर गेला. तिथला सागवानी बाक स्टेशन पाडायला घेतलेल्या ठेकेदाराने त्याला देऊन टाकला होता. तो आणायचा, एवढंच काम.

एके काळी त्या स्टेशनवर धान्याची पोती चढायची, लेकी रडत सासरी जायच्या. मग मोठा रस्ता झाला, गाड्या बंद पडल्या, रूळसुद्धा उपटून नेले. सुताराचा थोरला भाऊ तिथे टोकन द्यायचा. एकेरी रूळ होता. पुढची वाट मोकळी असल्याची खूण म्हणून टोकनची वेताची रिंग ड्रायव्हरच्या हाती द्यावी लागे. ती मिळाल्याशिवाय गाडी हलत नसे.

थोरला नुकताच गेला होता. त्याच्या चपला दारातून कोणी हलवल्या, की सुतार अंगावर धावून जाई.

"काका, तुम्ही होतात तिथे?" एका पोराने विचारलं.

"असतो तर सांगायला उरलो असतो का? गप ऐक."

सुताराने बाकाला हात घातला, तोच घंटा वाजली. स्टेशनची घंटा. ती तर चोरांनी केव्हाच नेली होती...

बिनरुळाच्या खडीवर गाडी येऊन थांबली. दिवे नाहीत. खिडक्यांत माणसं. सगळी गप्प. आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला, हातात रिंग उंच धरून... थोरला.

"दादा, घरी चल."

थोरल्याने मान वळवली नाही. "एवढी गाडी सोडतो. मग मीही जातो हिच्याबरोबर."

विचार करणं सुताराच्या स्वभावातच नाही. धावला. रिंग हिसकावली. छातीशी धरली. टोकन नाही, तर गाडी नाही. गाडी नाही, तर दादा जाणार नाही.

थोरल्याने हात पुढे केला.

"दे, बाळा. लोक खोळंबलेत."

सगळ्या खिडक्या त्याच्याकडे बघत होत्या...

तो पळाला. टेम्पो तिथेच. बाक तिथेच. रिंग कुठे ठेवलीय, ते बायकोलाही सांगत नाही. मी समजावलं, अरे, परत देऊन ये. तर म्हणाला, "तुम्ही दिला असता का तुमचा भाऊ?"

काकांनी वात आणखी खाली केली.

आज सकाळी मी जाऊन आलो. रूळ नाहीत. नुसतं गवत. फक्त इंजिन थांबायचं, त्या जागी खडीवर तेल ठिबकलंय...

बोट लावून पाहिलं.

गरम होतं.