तिसरा पहारेकरी

तिने त्याचा हात धरला नव्हता, पिशवीचा पट्टा धरला होता. पण जिन्यात, भर दुपारी, ओळखदेख नसलेल्या माणसाच्या पिशवीचा पट्टा धरणंही काही फार शोभेचं नाही, हे तिला धरल्यावर कळलं.

"तुम्ही कंप्युटर दुरुस्त करता ना?"

"करतो. पट्टा सोडलात तर जास्त चांगला करतो."

तिने पट्टा सोडला. तो वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे आला होता. "आता काही अडचण येणार नाही, बिनधास्त वापरा," हे त्याचं वाक्य जिन्यातून तिच्या कानावर पडलं आणि ती होती तशी धावली होती. केसांत पेन्सिल खोचलेली, अंगात बाबांचा जुना सदरा, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात बाबांची. त्याची नजर त्या चपलांपाशी जरा थांबली... आणि मग सभ्यपणे वर आली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे या गोष्टीत तिला बऱ्याचदा तसं होणार आहे, पण ही सुरुवात.

ती एका आर्किटेक्टच्या ऑफिससाठी घरी बसून नकाशे काढायची. संध्याकाळपर्यंत एका स्वयंपाकघराचा नकाशा पाठवायचा होता आणि कंप्युटरने असहकार पुकारला होता. भिंतीची एक रेघ ओढावी, उठून पाणी पिऊन यावं, तेव्हा कुठे ती पडद्यावर उमटायची.

तो खुर्चीत बसला. बाबा मागे हाताची घडी घालून उभे राहिले.

"अँटीव्हायरस कोणी टाकलेत?"

"मी," बाबा अभिमानाने म्हणाले. "तीन आहेत."

बाबांची सगळी नोकरी कुलपांच्या कारखान्यात गेली होती. घराच्या दाराला तीन कड्या होत्या, तर कंप्युटरला एकच अँटीव्हायरस का, असा त्यांचा साधा हिशोब होता. फुकट मिळेल तो त्यांनी आणून बसवला होता. तिने डोळे मिटून घेतले. आपल्या घराची अक्कल अशी परक्यासमोर उघडी पडलेली तिला बघवेना.

तो मात्र हसला नाही. "काका, एका दाराला तीन पहारेकरी बसवलेत तुम्ही. आणि तिघांचा एकमेकांवर विश्वास नाही. ताईंनी फाईल उघडली की पहिला तपासतो. पहिल्याने हात लावला म्हणून दुसरा तपासतो. दुसऱ्याने लावला म्हणून तिसरा. घरची माणसं दाराबाहेर ताटकळतात."

"मग त्यातला प्रामाणिक कोण?" बाबांनी विचारलं.

"तिघंही प्रामाणिक आहेत. तोच तर घोळ आहे."

बाबांना तो एकदम आवडला. तिला 'ताई' एवढं आवडलं नाही, बाकी सगळं आवडलं.

दोन अँटीव्हायरस काढायचे म्हणजे कंप्युटर पुन्हा पुन्हा बंद करून सुरू करायचा. प्रत्येक वेळी पडदा काळा व्हायचा आणि त्या काळ्या पडद्यात दोघांचे चेहरे शेजारी शेजारी दिसायचे.

"हे तुमचं स्वयंपाकघर?" नकाशा उघडल्यावर त्याने विचारलं.

"लोकांचं. मी फक्त भिंती घालते."

"खिडकी ओट्यासमोर घेतलीत. छान केलंत. आमच्याकडे ओट्यासमोर भिंत आहे. आई म्हणते, भांडी घासताना भिंतीशी किती बोलणार."

"भांडी आईच घासतात?"

"मी घासतो. बोलते ती."

ती हसली आणि केसांतली पेन्सिल खाली पडली. दोघंही ती उचलायला वाकली नाहीत. का कोण जाणे, पण वाकली नाहीत.

नकाशा वेळेत गेला. कंप्युटर असा धावू लागला की झटकन सुरू व्हायचा... आणि त्याला बोलवायचं काही कारणच उरलं नाही. आठवडाभर ती चांगल्या चालणाऱ्या कंप्युटरवर चडफडत राहिली. पंख्याचा आवाज येतोय का, म्हणून डब्याला कान लावून बघितला. काही नाही. ठणठणीत.

मग एका दुपारी बाबा फिरायला गेले असताना तिने काढून टाकलेल्यांपैकी एक अँटीव्हायरस शोधला. 'पुढे', 'पुढे', 'मला मान्य आहे'. मान्य कसलं डोंबलाचं, कान तापले होते. पण बटण तिनेच दाबलं.

तो आला तेव्हा बाहेर पाऊस भुरभुरत होता. छत्री दाराशी ठेवून, शर्टाची इस्त्री सांभाळत तो खुर्चीत बसला. पडद्याच्या कोपऱ्यातलं ते चिन्ह त्याने बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. ती छताच्या पंख्याकडे बघत होती.

"हे परत कोणी टाकलं?"

"मी नाही हं," बाबा म्हणाले. "मी शप्पथ घेतली होती." मग ते थांबले. "की... टाकलं मी? परवा बातम्या वाचताना काहीतरी उघडलं होतं खरं. दाबलं असेल कुठे. टाकलंच असेल मी. दुसरं कोण टाकणार?"

आता बोलायला हवं होतं. 'बाबा, ते मी टाकलं.' चार शब्द. पण चार शब्द बोलायचे तर पाचवा प्रश्न येणार, 'का?' आणि त्याचं उत्तर इथे, त्याच्यासमोर, इस्त्रीच्या शर्टासमोर द्यायचं... ती पुन्हा पंख्याकडे बघू लागली.

"होतं काका असं," तो म्हणाला आणि कामाला लागला.

जाताना तो दारात घुटमळला. "काही वाटलं तर बोलवा."

"वाटलं तर?"

"म्हणजे... बिघडलं तर."

त्या 'वाटलं तर'वर ती दोन दिवस तरंगत होती. तिसऱ्या दिवशी बाबांकडे लक्ष गेलं.

बाबा कंप्युटरजवळ जाईनात. बातम्या बंद, बुद्धिबळ बंद. त्या खोलीत आले तर हात पाठीमागे बांधून, वस्तुसंग्रहालयात आल्यासारखे. गॅस बंद केला का, हे पुन्हा पुन्हा जाऊन बघायचे. सकाळी खिडकीशी बसून काहीतरी पुटपुटायचे. तिला वाटलं, जप करतात. घरात कधी कोणी जप केलेला नव्हता, तरी तिने तसंच वाटून घेतलं, कारण दुसरं काही वाटून घ्यायची हिंमत नव्हती.

मग एका सकाळी बेल वाजली आणि दारात तो. तिने बोलवलं नव्हतं. काळीज लक्कन हललं आणि लगेच फुललं.

"मी बोलवलंय त्यांना," मागून बाबा म्हणाले. आणि मग त्याच्याकडे वळून, अगदी खालच्या आवाजात, "याला एक कुलूप लावून द्या. पासवर्ड का काय ते. ते तिला सांगा, मला नको. मला हात लावता येणार नाही, असं करा."

"काका, कशाला?"

"हल्ली माझा भरवसा नाही. केलेलं आठवत नाही मला. आठवडाभर सकाळी बसून कारखान्यातल्या माणसांची नावं म्हणून बघतोय. दोन आठवत नाहीत." ते कसंनुसं हसले. "माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आज हे टाकलं, उद्या गॅस चालू ठेवीन."

टेबलाची कड धरून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही टाकलं. मी टाकलं."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"खरंच मी टाकलं. तुम्ही फिरायला गेला होतात."

"पण तू का टाकशील? तुझंच काम अडतं."

आला तो पाचवा प्रश्न. तिने जमिनीकडे बघितलं. सगळं अंग कान झालं होतं आणि सगळे कान लाल.

"हे यावेत म्हणून," ती म्हणाली.

पिशवीचा पट्टा हातात घट्ट धरून तो उभा होता. त्याने मान खाली घातली.

"काका, मला माहीत होतं."

आता तिने वर बघितलं.

"त्या दिवशीच कळलं. तुम्ही टाकलं असतंत तर एकावर थांबला नसतात. आणि पंख्याकडे बघत होत्या ह्या... पंखा बंद होता." त्याने पट्टा सोडून पुन्हा धरला. "मी गप्प बसलो. बोललो असतो तर ह्यांनी लाजेने पुन्हा बोलवलं नसतं. तुम्ही एवढं मनाला लावून घ्याल हे माझ्या डोक्यात आलं नाही. चुकलं माझं."

बाबा खुर्चीत बसले. एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. दोघं शेजारी शेजारी, खाली मान घालून, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखी उभी होती.

"म्हणजे माझं डोकं शाबूत आहे," बाबा म्हणाले.

"हो, बाबा."

"आणि तुम्ही दोघांनी मला म्हातारचळ लागू दिलात."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवत नव्हते. आठवड्याची भीती होती ती. आपल्या एका लाजेपायी या माणसाने आठ सकाळी एकट्याने भ्यायचं? असली शरम तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती कमी व्हावी असंही वाटत नव्हतं. ती त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जोरातच.

"तुम्ही आज जा," ते त्याला म्हणाले. "आज मला राग आलाय. उद्या या. आणि काही बिघडलेलं नसताना या. बघू, येतंय का तेवढं धैर्य."

तो गेला. दिवसभर बाबा तिच्याशी मोजकंच बोलले. संध्याकाळी मात्र बुद्धिबळ उघडून बसले.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. तिने दार उघडलं. त्याच्या खांद्यावर पिशवी नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. आधी ते मागे नेले, मग खिशात घातले, मग काढले.

"काही बिघडलं नाहीये," ती म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला. "रात्रभर झोप नाही मला... पण आलो."

"कोण आहे?" आतून बाबांनी विचारलं. त्यांना चांगलं माहीत होतं.

तिने एकदा त्याच्याकडे बघितलं. तोंड लाल झालं होतं, ते तसंच राहू दिलं.

"माझ्याकडे आलेत, बाबा," ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.