जाड्याच्या ओढ्यावरचं पातेलं

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, मला काही पडलेली नाही. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, माझ्या सख्ख्या भावासोबत. फक्त "भुकेने भास झाला असेल" असलं शहाणपण मला कोणी शिकवू नये. भूक काय असते ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे.

मी एफी. कॅनडातल्या युकॉनच्या उत्तर भागात, पील नदीच्या खोऱ्यात आमची ग्विचिन माणसं राहतात. गावं लांब लांब. मधे नुसता बर्फ आणि खुरटी झाडं.

आमच्याकडच्या एका ओढ्याला नकाशात 'प्रिचेट क्रीक' म्हणतात. शी! आमच्यात ते नाव कोणी तोंडात घेत नाही. आम्ही म्हणतो जाड्याचा ओढा.

का ते ऐका. आजोबा लहान होते तेव्हा दोन परके सोनं शोधायला आले. एक हा प्रिचेट, दुसरा म्हातारा खलाशी. खलाशाच्या दंडावर जहाजाचा नांगर गोंदलेला होता, निळाशार. तो बघायला आमची पोरं त्याच्या मागे मागे हिंडायची. त्या दोघांनी ओढ्याकाठी केबिन बांधली. त्या हिवाळ्यात कॅरिबू हरणांचा कळप आलाच नाही. अख्खं खोरं उपाशी. माणसं चामड्याचे जोडे उकळून ते पाणी पीत होती.

बर्फ वितळल्यावर केबिनमधून एकटा प्रिचेट बाहेर आला.

गाल तुकतुकीत. पोट सुटलेलं.

"जोडीदार नदीवाटे खाली निघून गेला," म्हणाला.

पुढे कोणा साहेबाने नकाशा काढला आणि ओढ्याला ह्याच हलकटाचं नाव दिलं. थुंकावंसं वाटतं मला त्या नकाशावर.

तर... मार्च महिना होता. मी आणि माझा धाकटा भाऊ वॉल्टर कॅरिबूच्या शिकारीला गेलो होतो. एकही दिसला नाही. परतताना बर्फावरच्या गाडीचा पट्टा तुटला, आणि वरून वादळ सुटलं. शिधा केव्हाच संपला होता. वॉल्टरची जीभ जड झाली होती. तो थरथरायचाही थांबला होता. थंडीत थरथर थांबली की माणूस हातचा जातो, हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

जवळ छप्पर एकच होतं.

जाड्याचं.

"चल गं ताई," वॉल्टर बोबडं बोबडं बोलला. "मेलेला माणूस काय मला खाणार आहे?"

भर दुपार होती. दारापुढचा बर्फ कोरा. एक पाऊल उमटलेलं नाही.

दार ढकललं...

चुलीत लाकडं रचलेली. शेजारी काड्यापेटी.

आता ह्यात भिण्यासारखं काही नाही. आमच्या मुलखात केबिनला कुलूप नसतं. कोणीही यावं, चूल पेटवावी, असेल ते खावं. जाताना मात्र पुढच्यासाठी लाकडं फोडून चूल रचून ठेवायची. आणि समोर आलेलं अन्न नाकारायचं नाही. ह्या रीतीवरच आम्ही जगलोय.

पण चुलीवर पातेलं होतं.

चूल थंडगार... आणि पातेलं ऊन.

मी झाकण काढलं. वास डुकराची चरबी कढवल्यासारखा, पण गोडसर. रश्श्यावर पिवळा, बोटभर जाड तवंग. कडेला खपल्या धरलेल्या. डावाची मूठसुद्धा ओशट, तळव्याला चिकटली. मी हात पँटला पुसला, मग बर्फाने घासला. ओशटपणा जाईना.

"वॉल्टर, खाऊ नकोस ते."

"परके शिकारी ठेवून गेले असतील."

"मग त्यांची पावलं कुठायत?"

"एवढ्या वादळात पावलं राहतात होय? नखरे पुरे कर, ताई. मी मरतोय इथे."

आणि तो खायला बसला. हातानेच. मचमच, मचमच. हनुवटीवरून चरबी गळत होती. मला बघवत नव्हतं, म्हणून मी चूल पेटवत बसले. पण त्याच्या गालांवर रंग परत येत होता. माझा भाऊ वाचत होता. कोणत्या तोंडाने अडवू त्याला?

"तुला ठेवलाय एक," म्हणत त्याने डाव पुढे केला.

कातडीसकट तुकडा. शिजून फुगलेली पांढरी कातडी. त्यावर रेघा...

निळ्या.

नांगराचं टोक.

पोटात काही नव्हतं, तरी मी ओकले. पातेलं उचललं आणि दाराबाहेर भिरकावलं.

"वेडी झालीस का?" वॉल्टर ओरडला.

"नांगर होता त्याच्यावर! त्या खलाशाचा!"

"शिरा असतील."

"शिरा अशा आखीव असतात?"

तो बोटं चाटत बसला.

थोड्या वेळाने वादळ ओसरलं. वॉल्टर उठला. "खाल्लंय तर लाकडं फोडायला हवीत," म्हणत कुऱ्हाड घेऊन बाहेर गेला. ठक्... ठक्... त्या आवाजाने मला जरा धीर आला. रोजचा आवाज तो. मग लाकडांची मोळी घेऊन तो आत आला आणि चुलीपाशी बसला.

बाहेर...

ठक्.

ठक्.

कुऱ्हाड तर वॉल्टरच्या मांडीवर होती.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"ऐकतोय की," तो म्हणाला. अगदी शांतपणे. "तोही हात लावतोय."

मी दार उघडलं. लख्ख उजेड. बर्फावर वॉल्टरचीच पावलं, दुसरं कोणी नाही. लांब फेकलेलं पातेलं मात्र उंबऱ्यावर सरळ ठेवलेलं होतं.

चाटून पुसून साफ. आत लाळ अजून ओली होती.

संध्याकाळच्या आत मामा आम्हाला शोधत आला. धूर दिसला होता त्याला. पण केबिनजवळ यायला तयार नाही. लांबूनच ओरडला, "पोरांनो, बाहेर या! आत काही खाल्लं नाहीत ना?"

वॉल्टरने मोठ्ठा ढेकर दिला.

मामाने तोंड फिरवलं. त्यानंतर तो वॉल्टरशी कधी बोलला नाही.

भाऊ वाचला माझा. धडधाकट आहे. माझ्याच घरी जेवायला बसतो, पण अन्न नुसतं ताटात इकडून तिकडे करतो. घास तोंडात जाताना मी पाहिलेला नाही. तरी अंग भरतच चाललंय. गाल तुकतुकीत झालेत.

ह्या हिवाळ्यात कॅरिबूंनी पुन्हा वाट बदलली. दुकानात माल घेऊन येणारं विमान हवेमुळे अडकलंय. गावात सगळ्यांचे गाल बसलेत. एकटा वॉल्टर गुबगुबीत. लोक त्याला बघून रस्ता बदलतात. मी भांडते त्यांच्याशी, "माझा भाऊ आहे तो, तोंड सांभाळून बोला!" आणि घरी येऊन त्याचा कप वेगळा घासते. दोनदा घासते. किळस येते मला, सख्ख्या भावाची. लाज वाटते सांगायला, पण येते.

गेल्या आठवड्यात तो दारात आला. मी माझ्या वाटचं माझ्या लेकींना वाढून उपाशीच बसले होते.

"किती वाळलीस गं ताई," म्हणाला आणि त्याने मला जवळ घेतलं.

त्याच्या तोंडाला वास येत होता.

तोच. गोडसर.

"शी! हो बाजूला!" मी त्याला ढकललं. तो हसला आणि निघून गेला. मी दार लावलं, पाठ टेकून उभी राहिले, आणि मग कळलं...

माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.