बाईसाहेबांची खिडकी

ही घडलेली गोष्ट आहे. पटली तर पटली, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला पटवायची हौस नाही. पण ज्या घरात हे घडलं, त्या घरात मी लहानपणापासून जेवले-झोपलेय. आणि जिच्याबाबतीत घडलं ती माझी सख्खी आत्या आहे. तिला खोटं बोलायचं म्हटलं तरी धड जमत नाही.

आणि हो, यात रात्र नाही. अमावस्या नाही, पिंपळही नाही.

वेळ दुपारी चारची. जागा नवीन पनवेल, तिसरा मजला, खाली औषधाचं दुकान. मागच्या वर्षीचा नोव्हेंबर.

माझी वसुंधरा आत्या शाळेत चित्रकला शिकवायची. रिटायर झाली आणि तिला जुन्या सामानाचं वेड लागलं. साधंसुधं जुनं नाही हं, बड्या लोकांच्या बंगल्यातलं! घरात टोपी कुणी घालत नाही, तरी टोप्या अडकवायचा शिसवी स्टँड. बेल्जियमच्या काचेचा आरसा. पितळी दांड्याची, चाकं असलेली चहाची ट्रॉली. टू बीएचकेमध्ये चालायला जागा नाही, पण हौसेला मोल नाही.

आत्याचे यजमान, आमचे कृष्णकांतकाका, एक नंबरचे थट्टेखोर. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आम्ही दोघं इथे पेइंग गेस्ट आहोत. घरमालक म्हणजे हे फर्निचर."

ते काका गणपतीनंतर एका सकाळी न्हाणीघरात पडले.

अर्धांगवायू. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. दिवसभर बडबडणारा माणूस नुसता डोळ्यांनी बघत राहिला. हलायचा तो फक्त डावा हात.

डॉक्टरांनी आत्याला बजावलं होतं, "यांना स्वतःहून कूस बदलता येणार नाही. तोंड उशीत गेलं तर वळवताही येणार नाही. कायम कानोसा घेत राहा."

आत्याने तो कानोसा इतका घेतला की मिक्सर लावायचं सोडून पाट्यावर वाटायला लागली. काका गेले तर आपलं काय, हे ती कुणाला बोलली नाही. पण भात भरवताना ती मधेच थांबून त्यांच्या नाकाशी बोट धरायची. मी पाहिलंय.

अशात मुश्ताकभाईंचा फोन आला. पळस्प्याच्या अलीकडे त्यांचं गोडाऊन आहे. घाटावरचे जुने बंगले पाडले जातात, त्यातलं सामान ते उचलतात. आत्या त्यांचं जुनं गिऱ्हाईक.

"मॅडम, एक चीज आलीय. साहेबांच्या कामाची आहे. या एकदा."

ती चीज म्हणजे नोकरांना बोलवायची बेल. सागवानी पेटी, पुढे काच, काचेत सहा छोट्या खिडक्या. प्रत्येक खिडकीवर सोनेरी अक्षरांत नाव. दिवाणखाना, जेवणघर, साहेब, बाईसाहेब, मुलं, पाहुणे. बंगल्यातल्या कुठल्याही खोलीत बटण दाबलं की स्वयंपाकघराबाहेर ही बेल वाजायची आणि त्या खोलीच्या खिडकीत पांढरी चकती पडायची. म्हणजे नोकराला कळायचं, कुठे पळायचं ते. जाताना खालची साखळी ओढायची, की चकती पुन्हा वर.

आत्या हरखलीच. काकांच्या हाताशी बटण द्यायचं, बेल स्वयंपाकघराबाहेर लावायची. सोय ती सोय, शिवाय बंगल्याचा थाट!

फक्त एक गोष्ट तिला खटकली. 'बाईसाहेब' लिहिलेल्या खिडकीत एक बारीक काडी ठोकून बसवली होती. चकती जागची हलू नये अशी.

"ती काढू नका हं मॅडम," मुश्ताकभाई म्हणाले. "बंगल्याचा रखवालदार होता, काशिराम. ऐंशीच्या पुढचा म्हातारा. माल टेम्पोत भरताना माझा हात धरला त्यानं. म्हणाला, सगळं न्या, पण ती काडी तशीच राहू द्या. मी पण नाही काढली. उगाच कशाला छेडायचं?"

आत्याने मान डोलावली. बेल घेतली. त्याच बंगल्यातली एक उंच पाठीची वेताची खुर्चीही घेतली, काकांच्या पलंगाजवळ बसायला.

वायरमन प्रणित आला. त्याने एकच वायर टाकली, काकांच्या पलंगापासून 'साहेब'च्या खिडकीपर्यंत. बटण काकांच्या डाव्या हाताशी ठेवलं. काकांनी दाबलं.

टर्रर्र!

चकती पडली. "आले हं!" म्हणत आत्या धावली. किती महिन्यांनी काका अर्ध्या तोंडाने हसले.

आठवडाभर सगळं छान चाललं.

पण जुन्या वस्तूंच्या शौकिनांना एक रोग असतो. अर्धवट वस्तू त्यांना बघवत नाही. पाच चकत्या मोकळ्या आणि एक अडकलेली... जाता-येता आत्याचा जीव त्या काडीत अडकायचा. शेवटी एका संध्याकाळी तिने भुवयांचा चिमटा घेतला आणि काडी उपसून कचऱ्यात टाकली.

लहान मुलासारखी सांगायला गेली, "अहो, सहाच्या सहा मोकळ्या झाल्या!"

काकांनी डावा हात हलवला. नको, नको, असा.

तिला वाटलं, पाणी नको म्हणतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आत्या चहाचं आधण ठेवत होती.

टर्रर्र...

"आले हं!" सवयीने तोंडातून गेलं. हात पुसत बाहेर आली, वर बघितलं.

'साहेब'ची खिडकी रिकामी होती.

चकती पडली होती... 'बाईसाहेब'च्या खिडकीत.

तिने खोलीत डोकावलं. काका गाढ झोपलेले. बटण उशीजवळ.

आणि मग तिच्या लक्षात आलं...

घरात आवाजच नव्हता. पंखा फिरत होता, त्याचा आवाज नव्हता. हायवेवरचे कंटेनर नाहीत, खालचे हॉर्न नाहीत. गॅसवर पाणी उकळत होतं, तेसुद्धा मुकं.

तिने घाईघाईने साखळी ओढली. चकती वर गेली, आणि सगळे आवाज एकदम परत आले.

जुनी वस्तू आहे, हादऱ्याने पडली असेल. तिने मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तेच.

तिसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी आणखी एक झालं. वेताची खुर्ची तिने खिडकीशी ठेवली होती. बेल वाजल्यावर खोलीत गेली, तर खुर्ची... पलंगाला चिकटून होती. काकांकडे तोंड करून.

काका जागे होते. खुर्चीकडे बघत होते.

चौथ्या दिवशी तिने प्रणितला बोलावलं. त्याने पेटी उघडली.

"काकू, हे बघा. मी एकच वायर टाकलीय, काकांची. बाकीच्यांच्या मागं कायच नाय. आणि सेल काढला ना, की ही नुसती लाकडाची पेटी. हा बघा काढला."

सेल त्याच्या तळहातावर होता.

चार वाजले.

टर्रर्र...

चकती पडली. प्रणितने एकदा चकतीकडे बघितलं, एकदा हातातल्या सेलकडे. सेल तिथेच ठेवून तो जिना उतरला तो उतरलाच. त्याची पक्कड अजून आत्याकडे आहे. न्यायला आलेला नाही.

आत्याची पाचावर धारण बसली. पेटी फेकून द्यावी, तर काकांनी हाक कशी मारायची? साधी बेल मागवली होती, ती यायला दोन दिवस होते. सेल तिने परत बसवला. मग तिने तेच केलं, जे त्या बंगल्यात कुणीतरी केलं होतं. आगपेटीतली काडी घेतली, बारीक तासली आणि 'बाईसाहेब'च्या खिडकीत ठोकून बसवली.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता.

चार वाजता बेल वाजली. एकही चकती पडली नाही.

'साहेब'ची खिडकी रिकामी होती, म्हणजे काकांनी बोलावलं नव्हतं. आत्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. पदर कानांवर दाबला.

"वाजू दे," ती पुटपुटली. "मी नाही उठायची."

टर्रर्र... टर्रर्र... टर्रर्र...

एरवी एकदाच वाजणारी बेल थांबेचना. एक मिनिट, दोन मिनिटं. जणू कुणी बटणावरचं बोट काढायला तयार नव्हतं.

आणि मग... बंद.

आत्याने कानांवरचा पदर सोडला. ती धावली.

काका पालथे पडले होते. तोंड पूर्ण उशीत. डावा हात अंगाखाली दबलेला. बटण वायरला लोंबकळत पलंगाखाली गेलेलं.

आत्या साठीची, वजनाने पंचेचाळीस किलो. तिने त्यांना कसं उताणं केलं ते तिचं तिला माहीत नाही. ओठ निळे पडले होते. "अहो! अहो, श्वास घ्या!" ती ओरडत छाती चोळत राहिली. शेवटी घशातून घरघर आली आणि श्वास सुरू झाला.

तेव्हा तिने शेजारी बघितलं. खुर्ची पलंगाला टेकलेली होती. वेताची बैठक खाली दबलेली होती, कुणी बसल्यावर दबते तशी...

तिच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली.

रात्री काकांना झोप लागल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. काकांचा एकच हात चालतो. तो अंगाखाली होता. मग बेल दाबली कुणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मुश्ताकभाईंना फोन केला. त्यांनी काशिरामला गाठलं आणि दुपारी स्वतः घरी आले. चहाला हात लावला नाही.

"मॅडम, म्हातारा रडत होता. त्या बंगल्यातल्या बाईसाहेब सहा वर्षं बिछान्यावर होत्या. सारखी बेल वाजवायच्या. चारच्या चहाच्या वेळेला तर फारच. नोकर कंटाळले. मग एकाने काडी मारली. बेल तर वाजायची, पण चकती पडायची नाही. कुणी विचारलं तर म्हणायला मोकळे, बेल ऐकली, पण कुठल्या खोलीतून ते समजलं नाही."

"मग?"

"एक दिवस खूप वेळ वाजली म्हणे. कोणीच गेलं नाही." मुश्ताकभाईंनी खिशातून रुमाल काढला. "सापडल्या तेव्हा पालथ्या होत्या. तोंड उशीत."

आत्याने विचारलं, काडी कुणी मारली होती? मुश्ताकभाई म्हणाले, ते मी विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही.

त्या दिवशी चार वाजायच्या आत आत्याने ती काडी काढली. मोडली आणि देवासमोरच्या निरांजनावर जाळली.

फेब्रुवारीत काकांची वाचा थोडी परतली. एकेक शब्द, तोही चघळून-चघळून. आत्याने पहिला प्रश्न तोच विचारला.

"अहो, त्या बुधवारी बेल तुम्ही दाबलीत?"

"मी... नाही."

"मग कुणी?"

काकांनी मान वळवली. खुर्चीकडे बघितलं.

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वाचवलं हो बाईंनी, असं म्हणून ती हात जोडणार, तेवढ्यात तिला डॉक्टरांचे शब्द आठवले. यांना स्वतःहून कूस बदलता येणार नाही.

"अहो... तुम्हाला पालथं कुणी केलं?"



काका पुन्हा खुर्चीकडेच बघत राहिले.

साधी बेल कधीच आली, काकांच्या उशाशी आहे. पण सागवानी पेटी भिंतीवरच आहे. मी किती वेळा सांगितलं, दे परत. आत्या म्हणते, "पेटी गेली आणि त्यांनी बोलावलेलं मला ऐकूच आलं नाही, तर?"

ती आता चारच्या वेळेला कुठेही जात नाही. माझ्या चुलतभावाच्या, वरदच्या लग्नातून अक्षता पडल्याबरोबर रिक्षा करून पळाली होती. रोज ट्रॉलीवर तीन कप मांडते. मागच्या महिन्यात चार वाजता मी चुकून फोन केला. तिने उचलला, "थांब गं," म्हणाली आणि फोन तसाच ठेवला. मागून मला ट्रॉलीची चाकं ऐकू आली. मग माझ्या आत्याचा आवाज. शाळेत मुख्याध्यापकांनाही उलट उत्तर देणारी माझी आत्या, आणि आवाज कसा, तर पार दबलेला.

"आले, बाईसाहेब."

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. एक रात्र दवाखान्यात राहावं लागेल. काल तिचा फोन आला.

"मिताली, येशील का गं दोन दिवस? काकांचं काही अवघड नाही. मऊ भात, वेळेवर गोळ्या. फक्त चार वाजता घरात राहा. बेल वाजली की लगेच ओ दे. उशीर करू नकोस."

माझे काका आहेत ते. मला सायकल शिकवली त्यांनी. नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

हो म्हणायलाही रेटत नाही.

ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे.