मास्तरांनी न सांगितलेलं माप

दिवा राहू दे, तो मोबाईल तेवढा ठेव बाजूला. झोप आली असेल तर जा, मलाही आता पूर्वीसारखं बोलवत नाही. आमच्या शिंपी मास्तरांच्या बाबतीत घडलेलं आहे हे. त्यांनी स्वतः मला सांगितलं.

गेल्या जानेवारीतला शेवटचा गुरुवार. दुकान बंद करून मास्तर एका मुलीचा ड्रेस पोचवायला निघाले. कमरेत आणखी आत घेतलेला, म्हणजे घट्ट केलेला. तिसऱ्या मजल्यावरचं घर, त्यात आई आणि ही धाकटी, दोघीच. मोठी वर्षापूर्वी गेली. तीही असेच ड्रेस आत घ्यायला द्यायची. पोरीनं खाणं सोडलं होतं, घरात पत्ता लागू दिला नाही, आणि एक दिवस जीव दिला. मास्तरांना माप कमी होताना दिसत होतं. पण बाईमाणसाचं माप शिंप्यानं कुणाला सांगायचं नाही, आईलासुद्धा नाही, हा त्यांचा नेम. चुलीत घाला असला नेम.

जिन्यात असताना वीज गेली. पुढे एक मुलगी चढत होती. पाठमोरी. मास्तरांना वाटलं, धाकटीच.

"थांब गं ताई, तुझा ड्रेस आणलाय."

ती थांबली. वळली नाही.

"मास्तर... आईला सांगा."

"काय सांगू?"

 

"माझं नाही सांगितलंत. तिचं तरी सांगा."

आवाज मोठीचा होता.

वीज आली. जिना रिकामा.

वर दार धाकटीनं उघडलं. मागे आई उभी होती. मास्तर तिला म्हणाले, "वहिनी, हिचे कपडे मी दर महिन्याला आत घेतोय. मोठीचेही असेच घेत होतो."

 आईनं लेकीला जवळ ओढून सरळच विचारलं, "तुझ्याही मनात तसलं येतं का गं?"

"येतं," धाकटी म्हणाली, आणि रडायलाच लागली.

रात्रभर आई तिच्याजवळून हलली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. उपचार अजून चालू आहेत. बरे दिवस असतात, वाईटही असतात. पोर आपल्यात आहे, एवढं पुरे.

हां, एक राहिलं, आईनंच मागाहून मास्तरांना सांगितलेलं. त्या रात्री मास्तर गेल्यावर मायलेकी जेवायला बसल्या. आईनं दोन ताटं वाढली. धाकटीनं रडत रडत चार घास खाल्ले, बाकी तसंच राहिलं.

सकाळी घासायला काढली तेव्हा ताटं तीन निघाली.

तिसरं... पुसून खाल्लेलं.