बदललेली सिराह

“सासरे मला चोर म्हणतात,” खुर्चीच्या कडेवर टेकत ती म्हणाली. “उद्या सकाळी घर सोडायला सांगितलंय. नवरा परगावी आहे. तो आला की त्यालाही हेच ऐकवतील.”

तपासनीसबाईंनी चष्मा पुसला. शेजारी त्यांचे यजमान, निवृत्त मास्तर बसले होते. प्रत्येक तपासात ते सोबत असायचे आणि निष्कर्षाला सगळ्यांच्या आधी पोचायचे, बहुधा चुकीच्या.

सासऱ्यांना सिराह वाइन जमवायचा नाद. द्राक्षमळा एकच, वर्षं वेगवेगळी. काल पाहुण्यांसमोर त्यांनी सर्वांत जुनी, तीस वर्षांची बाटली उघडली, एक घोट घेतला आणि पेला आदळला. आतली वाइन कुणीतरी बदललीय म्हणे! तळघराची किल्ली सुनेकडे. झालं.

“चोराच्या उलट्या बोंबा,” मास्तर वाटेत कुजबुजले. “किल्ली हिच्याकडे म्हणजे हिनंच.”

“तुम्ही जरा दम धरा.”

तळघर सासऱ्यांच्या धाकट्या भावाने दाखवलं. “दादाचा दंडक आहे. बाटली आडवी, लेबल वर. एकदा ठेवली की उघडेपर्यंत हात लावायचा नाही.”

“काल कुणी उघडली?”

“दादानंच. बूच अगदी शाबूत होतं, काढताना मात्र भुगा झाला.”

“तुम्हाला कशी लागली?”

त्याने दाराकडे पाहिलं. “सिराहला मिरीसारखा वास असतो. मला आला बुवा. पण दादा बदललीय म्हणाला, पाहुण्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली.”

“हा बनेल दिसतो,” मास्तरांनी आपला संशय लगेच हलवला.

बाईंनी रिकामी बाटली उजेडात धरली. लेबलच्या बरोबर विरुद्ध बाजूला, काचेला आतून काळपट गाळाची जाड पापडी चिकटली होती.

सासरे दिवाणखान्यात ताठ बसले होते. “तापातून उठल्यापासून हे चाललंय. उघडीन ती बाटली बेचव! एकेक करून सगळ्या बदलल्यात हिनं.”

“उरलेली वाइन कुठाय?”

“मोरीत ओतली.”

“आधी दुसऱ्या जाणकाराला दाखवायची होती.”

“माझ्याहून जाणकार कोण आहे?”

तेवढ्यात आतून काहीतरी करपल्याचा भपकारा आला. मास्तरांनी नाकाला रुमाल लावला. दारात उभी असलेली सून आत धावली.

“बघा!” सासरे गरजले. “मुद्द्याचं निघालं की पळते!”

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं.

“वाइन बदललेलीच नाही. नवी भरायची तर आधी बूच काढावं लागतं, आणि इतकं जुनं बूच काढलं की त्याचा भुगा होतो. काल उघडेपर्यंत ते शाबूत होतं. बाटलीही तीच, आत तीस वर्षांच्या गाळाची पापडी धरलीय.”

“मग बेचव कशी लागली?” मास्तरांनी विचारलं.

“आत्ता दूध करपलं. तुम्ही नाक दाबलंत, ही धावली. ही का धावली, ते एकट्या यांना कळलं नाही. तापापासून यांना वास येईनासा झालाय, मास्तर. वासावाचून सिराह म्हणजे नुसतं आंबट पाणी.” त्या सासऱ्यांकडे वळल्या. “आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. म्हणून तर वाइन मोरीत गेली. दुसऱ्या कुणी शांतपणे हुंगली असती तर?”

धाकटा भाऊ खाली बघू लागला. सासऱ्यांचा ताठा उतरला.

“लोक माझ्या नाकावर विश्वास ठेवून बाटल्या घेतात,” ते पुटपुटले. “तेच गेलं तर मी कोण?”

बाईंना त्यांची कीव आली आणि रागही आला. राग जास्त होता.

“सूनबाई, तू कुठे जायचं नाहीस,” सासरे म्हणाले.

“राहीन, बाबा.” ती म्हणाली. “पण काल ज्यांच्यासमोर मला चोर म्हणालात, त्यांना आधी खरं सांगा. आत्ता, माझ्यासमोर.”

सासऱ्यांनी फोन उचलला. पलीकडून पाहुण्याने हसत विचारलं, “काय, सापडला का चोर?”

त्यांनी डोळे मिटले.

“चोर कुणी नव्हतंच,” ते म्हणाले. “मला वास येत नाही.”